सिनेमांचे कपाट संगणकावर नेताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील एका गावात राहणारा सेवानिवृत्त शिक्षक आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत हौसेने चित्रपट आणि नाटके जमवली. परवा मोजदाद केली, तेव्हा विकत घेतलेल्या २१२ डीव्हीडी, ९६ व्हीसीडी आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या ३८ डीव्हीडी भरल्या. या ३८ मध्ये घरची लग्नकार्ये आहेत आणि गावच्या जत्रेतील दशावतारही आहे. यंदा पावसाळा सरल्यावर कपाट उघडले, तर कित्येक चकत्यांवर पांढुरके ठिपके दिसले आणि काही चित्रपट मध्येच अडकू लागले. सारा संग्रह घरच्या संगणकावर घ्यावा असे मनात आहे, पण मुंबईला असलेला मुलगा म्हणतो, "बाबा, सगळे सिनेमे आता मोबाइलवर मिळतात, कशाला त्रास घेता?" हा खटाटोप करावा का, करायचा तर कोठून सुरुवात करावी आणि जागा किती लागेल, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : खटाटोप जरूर करावा आणि तो याच हिवाळ्यात सुरू करावा. मात्र आरंभ आवडत्या चित्रपटापासून न करता त्या ३८ घरगुती चकत्यांपासून करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बाजारातील चित्रपटाची दुसरी प्रत कोणाच्या तरी कपाटात निघेल. आपल्या घरच्या लग्नाची आणि आपल्या गावच्या जत्रेतील नाटकाची प्रत आणखी कोठेही मिळणार नाही. दुर्दैव असे, की नेमक्या याच चकत्या अधिक नाजूक असतात. कारखान्यातून येणाऱ्या डीव्हीडीवर माहितीचे सूक्ष्म खळगे साच्यातूनच उमटलेले असतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा असतो. घरी किंवा स्टुडिओत 'राइट' केलेल्या डीव्हीडीत मात्र सेंद्रिय रंगद्रव्याचा एक थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्या थरावर खुणा उमटवलेल्या असतात. ऊन, उकाडा आणि दमटपणा यांनी हे रंगद्रव्य वर्षागणिक उतरत जाते, आणि मग खूण कोणती व कोरी जागा कोणती, हे ड्राइव्हला ओळखता येईनासे होते.

हे मी स्वतःच्या घरातील हानीवरून सांगत आहे. आमच्या गावच्या जत्रेतील एका दशावतारी नाटकाचे चित्रण आमच्याकडे चार डीव्हीडींवर होते. त्यात माझे काका राक्षसाच्या भूमिकेत होते आणि पहाटेचे युद्ध व वध चौथ्या चकतीच्या अगदी शेवटी होता. काका गेल्यानंतर सात-आठ वर्षांनी ती चकती लावली, तेव्हा पहिला दीड तास व्यवस्थित चालला. मग चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागले, पखवाजाचा एकच ठेका अडखळत पुन्हापुन्हा वाजला आणि काका तलवार उगारून उभे असतानाच पडदा गोठला. पुढचे काही आजवर परत मिळाले नाही. त्याचे कारण नंतर समजले. डीव्हीडी आतल्या वर्तुळाकडून बाहेर लिहिली जाते, म्हणजे काठोकाठ भरलेल्या चकतीत कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेला असतो, आणि बोटांचे ठसे, ओल व घासटणे यांचा पहिला मार याच कडेला बसतो.

आपले विकतचे चित्रपट शेवटी न अडकता मध्येच का अडकतात, याचेही उत्तर यातच आहे. लांबीचे चित्रपट बहुधा दोन थरांच्या डीव्हीडीवर असतात. पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा थर बाहेरून आत. त्यामुळे कडेला खराबी झाली, तर तिचा फटका चित्रपटाच्या मध्याला बसतो. अशी चकती कायमची गेली असे समजून टाकून देऊ नये. स्वच्छ केल्यावर आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातल्यावर तिच्यातील बरेच काही वाचता येते.

पांढुरक्या ठिपक्यांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या किनाऱ्यावर हा रोग घरोघरी आहे. बहुतेक ठिपके वरवरच्या बुरशीचे असतात आणि ते धुऊन जातात. क्वचित मात्र बुरशी आतही शिरते. मध्य अमेरिकेतील बेलीझ या उष्ण व दमट देशातून आलेल्या एका सीडीच्या कडेतून बुरशी प्लास्टिक व ॲल्युमिनियमच्या थरांत घुसल्याचे स्पेनमधील संशोधकांना २००१ मध्ये आढळले होते. आपले चार महिने तिथल्या हवेपेक्षा फारसे कोरडे नसतात. चकती ट्यूबलाइटसमोर धरून पाहावी. चंदेरी थरात टाचणीच्या टोकाएवढी उजेडाची छिद्रे दिसली किंवा कडेकडून तपकिरी झाक आत सरकलेली दिसली, तर ती चकती रांगेत पुढे घ्यावी. धुण्यासाठी स्वच्छ पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाचा एक थेंब पुरतो. बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड वॉटर मिळाले तर उत्तम, कारण विहिरीच्या पाण्यातील क्षार सुकल्यावर डाग सोडतात. जुन्या सुती धोतराचा मऊ तुकडा घ्यावा आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोलगोल पुसू नये. मध्यापासून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा माहितीच्या गोलाकार ओळीला जागोजाग थोडाथोडा छेदतो आणि तेवढी तूट ड्राइव्ह हिशेबाने भरून काढतो. ओळीच्या दिशेने पडलेला ओरखडा मात्र सलग मजकूर खाऊन टाकतो. सीडी आणि व्हीसीडी हाताळताना छापील बाजू अधिक जपावी, कारण त्यांत माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो.

आता प्रत्यक्ष उतरवून घेण्याविषयी. घरगुती डीव्हीडीवर प्रत काढण्यास अडवणारे कोणतेही तांत्रिक कुलूप नसते. तिची पूर्ण प्रत एका आयएसओ फाइलमध्ये घ्यावी; विंडोजवर इमेजबर्न हा मोफत प्रोग्राम त्यासाठी पुरेसा आहे. चकती खराब असेल, तर लिनक्सवरील (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवरील) डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरावा. तो आधी सुस्थितीतील सगळा भाग वाचून घेतो, मग अडलेल्या जागांकडे पुन्हापुन्हा वळतो, आणि कोणता भाग मिळाला व कोणता राहिला याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे आज अर्धी वाचली गेलेली चकती उद्या धुऊन, शेजाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये घालून, राहिलेल्या जागेपासून पुढे वाचता येते. एका ड्राइव्हने नाकारलेली चकती दुसरा ड्राइव्ह वाचतो, हा अनुभव मी इतक्या वेळा घेतला आहे की जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह भंगारात देऊ नये, असे सर्वांना सांगत असतो.

विकतच्या डीव्हीडीत चित्रपट बहुधा कुलूपबंद असतो. त्याचा कायद्याशी असलेला संबंध पुढील एका उत्तरात आला आहे. मेकएमकेव्ही हा प्रोग्राम मूळ चित्र व ध्वनी जसेच्या तसे ठेवून एकच एमकेव्ही फाइल तयार करतो. जाहिराती आणि मेनू तेवढे गळतात. हँडब्रेक हा दुसरा मोफत प्रोग्राम कुलूप उघडत नाही; त्याचे काम फाइल आवळण्याचे, म्हणजे तिचा आकार लहान करण्याचे आहे. येथे माझे मत स्पष्ट आहे. घरगुती चित्रण कधीही आवळून साठवू नये. मूळ प्रत तशीच ठेवावी आणि मोबाइलवर पाहण्यासाठी हवी तर वेगळी लहान प्रत करावी. आवळताना गेलेला तपशील परत येत नसतो. चित्रपट आवळायचे असतील, तर हँडब्रेकमध्ये दर्जाचा आकडा १८ ते २२ च्या दरम्यान ठेवावा (आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला). हलत्या माणसाच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा दिसल्या, तर डीइंटरलेस हा पर्याय लावावा. डीव्हीडीचे चित्र आपल्याकडे बहुधा ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते. ते ताणून मोठे केल्याने फाइल फुगते, तपशील वाढत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी, की डीव्हीडीवरील उपशीर्षके अक्षरांच्या रूपात नसून चित्रांच्या रूपात असतात. म्हणून ती फाइलमध्ये घेण्याची खूण आधीच करून ठेवावी.

जागेचा हिशेब असा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी आणि दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबीपर्यंत माहिती मावते. सरासरी सहा धरली, तर २१२ चित्रपटांना सुमारे १,२७२ जीबी लागतील. घरगुती ३८ चकत्यांना साधारण १७० आणि व्हीसीडींना ७० जीबी धरावेत. बेरीज दीड टीबीच्या आसपास येते. दोन टीबीची हार्ड डिस्क घेतली, तर संगणक ती १.८ दाखवील, दुकानदाराने फसवले असे समजू नये, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. मी मात्र चार टीबीच्या दोन डिस्क घ्याव्यात असे म्हणेन, कारण संग्रह वाढतो आणि काठोकाठ भरलेल्या डिस्कवर काम करणे त्रासाचे असते. डिस्क फॅट ३२ या पद्धतीने आखलेली (फॉरमॅट केलेली) असेल, तर जागा रिकामी असूनही ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ती घेणार नाही; तिला एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्यावे. वेळेचे म्हणाल, तर एका चकतीला अर्धा तास धरावा. रोज दोन चकत्या केल्या, तरी ३४६ चकत्या सहा महिन्यांच्या आत होतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बसावे आणि मिरगाच्या आत मोकळे व्हावे.

दोन डिस्क म्हणालो, त्याचा अर्थ एक भरल्यावर दुसरी असा नाही. दोन्हींवर तोच मजकूर हवा, आणि त्या एका घरात नकोत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पुराचे पाणी शिरले, तेव्हा ज्यांची मूळ चकती आणि तिची प्रत एकाच खोलीत होती त्यांच्यासाठी ती प्रत नसल्यातच जमा होती. त्याच्या आदल्या वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कित्येक घरांवरची कौले नि पत्रे उडवून नेले. आपल्याला तर हे सोपे आहे. गणपतीला चिरंजीव गावी येतील, तेव्हा एक डिस्क त्यांच्याबरोबर मुंबईला पाठवावी. पुढच्या वर्षी तिच्यावर नवी भर घालून ती पुन्हा त्यांच्याकडे द्यावी. गावातली डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पावसाळ्यातही महिन्यातून एकदा जोडून चालवून पाहावी. मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला, की संगणकाचा प्लगच काढून ठेवावा. आपल्याकडे जांभ्याच्या कातळात अर्थिंग सहसा चांगले लागत नाही आणि नुसते बटण बंद केल्याने वीज अडत नाही.

फाइलींना नावे देताना चित्रपटाचे नाव आणि पुढे प्रदर्शनाचे वर्ष लिहावे, कारण एकाच नावाचे दोन-तीन चित्रपट असतात. घरगुती चित्रणात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर प्रसंग लिहावा, म्हणजे सारे आपोआप काळाच्या क्रमाने लागते. त्याच्या शेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवून चित्रणात कोण कोण दिसते, दशावतार असेल तर आख्यान कोणते, पेटीवर कोण, पखवाजावर कोण, हे लिहून काढावे. आज आपल्याला ती नावे ठाऊक आहेत. जेलीफिन किंवा कोडी यांसारखा मोफत प्रोग्राम घातला, तर हा सगळा संग्रह चित्रांसह टीव्हीवर मांडून दिसतो. पण ते नंतरचे काम आहे.

चिरंजीवांचे म्हणणे अगदीच चूक नाही, बरेच चित्रपट आता ऑनलाइन मिळतात. परंतु तेथील चित्रपट ठरावीक मुदतीच्या हक्कांवर असतात आणि मुदत संपली की ते निघून जातात. आपल्या कपाटातील बऱ्याच चकत्या बहुधा २००७ नंतरच्या असाव्यात, जेव्हा मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्या आणि किराणा दुकानातही चित्रपट मिळू लागले. त्या लाटेत मराठीतील कितीतरी जुने, लहान चित्रपट आणि नाटके प्रथमच घरी आली. आपल्या यादीत ऑनलाइन न सापडणारे जे निघेल, ते घरगुती चकत्यांच्या पाठोपाठ लगेच उतरवून घ्यावे.

प्रश्न : व्हीसीडीतील फाइल संगणकावर ओढली की अर्ध्यावर 'त्रुटी' असा संदेश येतो आणि सारेच थांबते, तीच व्हीसीडी टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर मात्र चालते. असे का होते? (गुहागर तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : व्हीसीडीची रचनाच निराळी आहे. एका सीडीवर ७४ मिनिटांचे चित्रण मावावे, म्हणून चित्राच्या भागातील, वाचनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी असणारी जादा माहिती वगळून ती जागाही चित्राला दिलेली असते. प्लेअरला एखादा तुकडा वाचता आला नाही, तर तो क्षणभर अडखळून पुढे जातो; विंडोज मात्र प्रत तंतोतंत होत नाही असे पाहून काम सोडून देते. म्हणून 'एमपीईजीएव्ही' या फोल्डरमधील डॅट फाइल ओढण्याच्या फंदात पडू नये. इमेजबर्नने संपूर्ण व्हीसीडीची बिन व क्यू अशी जोडफाइल करावी आणि न वाचलेल्या जागा सोडून पुढे जाण्याचा पर्याय चालू ठेवावा. नंतर व्हीसीडीगिअर या लहानशा प्रोग्रामने त्यातून एमपीईजी फाइल काढता येते आणि ती व्हीएलसी या चित्रपट दाखवणाऱ्या प्रोग्रामवर चालते. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, आधीच भरपूर आवळलेले असते. ते पुन्हा आवळू नये. एक चित्रपट दोन किंवा तीन चकत्यांत असेल, तर भागांचे क्रमांक नावातच लिहावेत.

प्रश्न : स्वतः विकत घेतलेल्या डीव्हीडीची प्रत संगणकावर ठेवणे कायद्याला धरून आहे का? वाडीतील मंडळी पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि नाही म्हणणे जड जाते. जत्रेतील दशावताराचे आमच्याकडील चित्रण यूट्यूबवर टाकावे, अशीही सूचना आली आहे. (वेंगुर्ले तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला उचित वापर उल्लंघन मानलेला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची आणि दंडाची तरतूद करते. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी केलेली कृती मात्र तेच कलम वगळते. माझ्या समजुतीप्रमाणे आपली चकती, आपला संगणक आणि आपले कुटुंब एवढ्यात राहणारी प्रत या चौकटीत बसते. मी वकील नाही. मोठा संग्रह असलेल्या संस्थेने रीतसर सल्ला घ्यावा. मूळ चकत्या विकू किंवा वाटून टाकू नयेत, कारण त्याच आपल्या मालकीचा पुरावा आहेत. पेनड्राइव्ह भरून देणे या चौकटीच्या बाहेरचे आहे. तसे देऊ नये. वाडीतील मंडळींना घरी बोलावून सिनेमा दाखवावा. साठ वर्षांचा हक्ककाळ ओलांडलेले जुने चित्रपट तेवढे प्रत न देण्याच्या या नियमाला अपवाद आहेत. ही मुदत चित्रपट प्रकाशित झाला त्याच्या पुढील वर्षापासून मोजतात.

दशावताराचे चित्रण आपल्या घरी असले, तरी त्यातील अभिनय, गायन आणि वादन कलावंतांचे आहे, आणि कलावंतांच्या सादरीकरणावरील हक्क कायद्याने पन्नास वर्षे राखलेला आहे. म्हणून यूट्यूबवर टाकण्याआधी त्या नाट्यमंडळाच्या मालकांना आणि हयात असलेल्या कलावंतांना भेटून लेखी संमती घ्यावी. भेटीला जाताना त्या चित्रणाची एक पूर्ण, न आवळलेली प्रत पेनड्राइव्हवर घेऊन जावी आणि त्यांना द्यावी. रात्रीमागून रात्री जत्रा करीत फिरणाऱ्या कित्येक मंडळांकडे त्यांच्या स्वतःच्या जुन्या नाटकांचे चित्रण नसते, आणि कोणत्या रात्रीचे कोणते आख्यान, पडद्यावर कोण, पेटीवर कोण, हे अचूक सांगणारी माणसेही तेथेच भेटतील. ती नावे त्याच बैठकीत लिहून घ्यावीत.